मोटर बंद केल्यावर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



हार्बर मार्गावर सानपाडा आणि नेरूळ यांच्यामध्ये जुईनगर नावाचे स्टेशन आहे. मी तिथेच राहतो. थंडीच्या दिवसांत एखाद्या रविवारी पहाटे तुम्ही त्या स्टेशनवर आलात, तर फलाटाच्या टोकाला सव्वा मीटर लांबीचा पुठ्ठ्याचा चपटा खोका घेऊन उभा असलेला एक साठीचा गृहस्थ तुम्हाला दिसेल. तो मी. "काका, की-बोर्ड आहे का?" असे तरुण मुले विचारतात. भजनाला निघालेल्या एका आजोबांनी "तंबोरा का हो?" असे विचारले होते. खोक्यात विमान आहे, तेही हवेवर तरंगणारे, रेडिओने चालवायचे ग्लायडर आहे, असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "आमच्या मुलालाही घ्यायचंय. कुठलं घेऊ?"

गाडी येईपर्यंतच्या तीन मिनिटांत या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. म्हणून आज आकाशवाणीने दिलेल्या वेळात ते देण्याचा प्रयत्न करतो.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगायला हवे. खाडीच्या बाजूला दुपारी मान वर करून पाहिले, तर घारी दिसतात. घार पंख न हलवता घिरट्या घालते आणि तरीही वर वर जाते. जमीन तापली की तिच्यालगतची हवा गरम होऊन वर चढते. त्या चढत्या हवेच्या खांबात घार फिरत राहते. ग्लायडर हेच करते. त्याचे पंख लांब आणि अरुंद, वजन कमी. ते सावकाश खाली उतरत असते. भोवतालची हवा त्याच्या उतरण्यापेक्षा वेगाने वर चढत असेल, तर हवेबरोबर ग्लायडरही वर जाते.

पूर्वी अशा ग्लायडरला वर नेण्यासाठी लांब दोरी लागे. पतंगासारखे ओढून ते चढवावे लागे. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून माणूस बसलेली मोठी ग्लायडर यंत्राच्या दोराने ओढून वर चढताना पुणेकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. इलेक्ट्रिक ग्लायडरमध्ये दोरीचे काम नाकावरची छोटी मोटर करते. अर्धा मिनिट मोटर चालवायची, शंभर-सव्वाशे मीटर उंची गाठायची आणि मोटर बंद करायची. प्रॉपेलरची दोन पाती छत्रीच्या काड्यांसारखी मागे मिटून धडाला चिकटतात. आवाज थांबतो. खरे उड्डाण तिथून पुढे सुरू होते.

विजेवर उडण्याची ही कल्पना फार जुनी नाही. ऑस्ट्रियामध्ये २१ ऑक्टोबर १९७३ रोजी माणूस बसलेले पहिले विजेचे विमान उडाले. त्याचे नाव एमबी-ई१. तेही मुळात मोटर बसवलेले ग्लायडरच होते, आणि त्यामागचे डोके फ्रेड मिलित्की यांचे होते. हे गृहस्थ विजेवर उडणारी छोटी मॉडेल विमाने बनवण्यातले जाणकार. म्हणजे खेळण्यातली विद्या मोठ्या विमानात गेली. त्या वेळी बॅटऱ्या जड होत्या. नंतर लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या आणि ब्रश नसलेल्या छोट्या, जोरकस मोटरी आल्या आणि हा छंद मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आला.

आवाक्यात आला म्हणजे स्वस्त झाला असे मात्र नाही. म्हणूनच चुकीची वस्तू घेतली तर पैसे जातात, आणि कधीकधी पैशांहून अधिक काहीतरी जाते. माझ्या घरी ते गेले होते.

गोष्ट २०१२ सालची. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. वाढदिवसाला विमान हवे, असा तिचा हट्ट. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरीला. यंत्र उघडून आत पाहिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी नव्या मुलांना रोज शिकवायचो. आणि विमान घेताना मात्र मी खोक्यावरचे चित्र पाहून पैसे मोजले. निळे आकाश, पांढरे विमान, आणि 'सर्व काही आत' असे ठळक अक्षरांत लिहिलेले. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम एक मीटर.

मोटर चालू असेपर्यंत ते उडाले. मोटर बंद केली की दगडासारखे खाली यायचे. तिसऱ्या दिवशी मुलीने ते जरा जोरात वर चढवले आणि मधोमध पंख दुमडला. खाली पडलेले तुकडे पाहिले तेव्हा कळले, की पंखात कणाच नव्हता. नुसता थर्मोकोलसारखा फोम, त्यावर चकचकीत कागद. दुकानात गेलो तर सुटा पंख मिळत नाही, नवा पूर्ण संच घ्या, असे उत्तर मिळाले. मुलीने सगळे तुकडे एका पिशवीत भरले आणि म्हणाली, "बाबा, परत नका घेऊ. मला उडवताच येत नाही."

श्रोतेहो, चूक विमानाची होती, निवड माझी होती, आणि दोष तिने स्वतःकडे घेतला. मुलांना चुकीची वस्तू हाती दिली की हे असे होते. वाईट पेटीवर गाणे शिकणाऱ्या मुलाला वाटते, आपला सूरच लागत नाही.

दोन वर्षांनी एका मैदानावर विमान देखभालीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. त्यांना मी हा किस्सा सांगितला. ते म्हणाले, "तुम्ही दुकानदाराला काय काय विचारलंत?" मी म्हणालो, मोटर किती ताकदीची आहे, किती उंच जातं, किती लांब जातं. ते हसले. म्हणाले, "एकच विचारायचं होतं. मोटर बंद केल्यावर कसं उडतं?"

आजच्या भाषणातले सगळे या एका प्रश्नात आहे. बाकीचे मी आता उलगडून सांगतो.

मोटर बंद केल्यावर विमान कसे उडेल हे ठरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे पंखावरचा भार. हिशेब सोपा आहे. बॅटरीसकट विमानाचे वजन ग्रॅममध्ये घ्या. पंखाचे क्षेत्रफळ काढा आणि त्यात दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचे किती चौकोन बसतात ते पाहा. वजनाला त्या संख्येने भागा. समजा, पंखांची एकूण लांबी दोन मीटर आणि सरासरी रुंदी १७ सेंटिमीटर. म्हणजे ३४ चौकोन झाले. विमान ८५० ग्रॅमचे असेल तर प्रत्येक चौकोनावर २५ ग्रॅम भार आला. शिकणाऱ्यासाठी हा आकडा उत्तम. वीसच्या खाली गेलात तर विमान फार हळू आणि देखणे उडते, पण आपल्याकडच्या वाऱ्यात ते पाचोळ्यासारखे मागे जाते. चाळीसच्या वर गेलात तर ते वेगाने उडते आणि वेगानेच जमिनीवर येते. ते काम सरावलेल्या हातांचे. वजन आणि पंखाचे क्षेत्रफळ हे दोन आकडे चांगला उत्पादक खोक्यावर किंवा माहितीपत्रकात छापतोच. ते छापलेले नसतील, तर तो खोका परत फळीवर ठेवावा.

दुसरा मुद्दा लांबीचा. नवशिक्याने छोटे विमान घ्यावे, ते सोपे असते, असा समज आहे. तो उलटा आहे. छोटे विमान चपळ असते, म्हणजे चूक सुधारायला वेळ देत नाही. शिवाय दोनशे मीटरवर ते ठिपक्याएवढे दिसते आणि आपल्याकडे येते आहे की दूर जाते आहे तेच कळेनासे होते. पावणेदोन ते दोन मीटर लांबीचे पंख शिकायला सर्वांत चांगले. जर्मनीच्या मल्टिप्लेक्स कंपनीचे 'ईझी ग्लायडर' १.८ मीटरचे आहे. अमेरिकेच्या होरायझन हॉबीच्या 'रेडियन'चे पंख दोन मीटरचे. कार्ल गोल्डबर्ग कंपनीचे 'जेंटल लेडी' हे बाल्सा लाकडाचे जुने ग्लायडर, तेही दोन मीटरच्या घरातले. त्यावर जगभर कित्येकांनी हात बसवला. वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी शिकणाऱ्यांसाठी जवळपास तीच लांबी निवडली, हा योगायोग नव्हे.

लांब पंख म्हटला की त्याची मजबुती आली. माझे पहिले विमान मोडले ते इथेच. पंखाच्या आत टोकापर्यंत, निदान अर्ध्याहून अधिक लांबीपर्यंत कार्बनची किंवा फायबरग्लासची नळी हवी. तिला स्पार म्हणतात. आपण कणा म्हणू. विक्रेत्याला सांगावे, पंख जोडून दाखवा. मग दोन्ही टोकांखाली बोटे घालून विमान अलगद उचलावे. पंख थोडा धनुष्यासारखा वाकला तर हरकत नाही. मध्यावर कुरकुर आवाज आला, सांधा उघडला किंवा एक बाजू अधिक झुकली, तर घेऊ नये. चांगला विक्रेता याला नाही म्हणत नाही. जो म्हणतो, त्याने उत्तर दिलेलेच असते.

आता पदार्थ कोणता निवडावा? बाल्सा लाकूड हलके, देखणे, आणि स्वतः जोडण्याचा आनंद देणारे. पूर्वी बाल्साची किट बाहेरगावाहून मागवायची आणि महिनाभर रात्री बसून जोडायची, असा शिरस्ता होता. आजही ज्याला हाताने काही घडवायची आवड आहे त्याने जरूर बाल्साचे किट घ्यावे. पण आमच्याकडे, कोकणच्या दमट हवेत, बाल्सा पावसाळ्यात ओल धरते, पंखाला पीळ बसतो आणि वरचे प्लॅस्टिकचे आवरण सैल पडते. शिवाय पहिली आपटी बसली की दुरुस्तीला आठवडा जातो. फायबरग्लास आणि कार्बनची विमाने फार सुंदर, पण ती स्पर्धकांची. त्यांच्या किमतीही तशाच. शिकणाऱ्याने चिवट फोमचे घ्यावे. हा फोम खोक्यात भरायच्या थर्मोकोलसारखा ठिसूळ नसतो. बोटाने दाबला तर पुन्हा फुगतो, तुटला तर जोडता येतो. शेताच्या बांधावर नाक आपटले तर पंधरा मिनिटांत गोंद लावून विमान पुन्हा तयार होते. त्याचा शत्रू एकच, ऊन. बंद मोटारगाडीत मे महिन्यात ठेवलात तर संध्याकाळी पंखाची पोळी झालेली मिळेल.

खोक्यावर काही आद्याक्षरे असतात, त्यांचाही अर्थ समजून घ्यावा. 'किट' म्हणजे सुटे भाग. सगळे तुम्ही जोडायचे. 'एआरएफ' म्हणजे सांगाडा जवळजवळ तयार, पण मोटर वगैरे बहुधा तुमचे तुम्ही आणायचे. 'पीएनपी' म्हणजे मोटर आणि सर्व्हो बसवलेले, पण रेडिओ, बॅटरी आणि चार्जर नाही. 'आरटीएफ' म्हणजे सगळे आत. शेवटचे ऐकायला गोड वाटते, पण तिथला रेडिओ बहुतेक वेळा त्या एका विमानापुरता असतो. माझा सल्ला असा, की विमान पीएनपी घ्यावे आणि रेडिओ वेगळा, चांगला घ्यावा. विमान दोन वर्षांत बदलाल. रेडिओ दहा वर्षे हातात राहील. सहा चॅनेल पुरतात. डाव्या दांड्यावर मोटर की उजव्या, हे ज्याच्याकडून शिकणार त्याच्याप्रमाणेच ठेवावे. नाहीतर आणीबाणीच्या क्षणी तुमचा रेडिओ त्याच्या हातात देऊन उपयोग होत नाही.

मोटरबद्दल मी मुद्दामच उशिरा बोलतो आहे. लोक तिथून सुरुवात करतात, म्हणून फसतात. ग्लायडरला मोटर म्हणजे शिडी. शिडी भक्कम हवी, पण घर शिडीसाठी बांधत नाहीत. एक किलो वजनामागे दीडशे ते दोनशे वॅट ताकद भरपूर झाली. तीन सेलच्या बॅटरीचा दाब ११.१ व्होल्ट, तिच्यातून १५ अँपिअर प्रवाह घेतला तर सुमारे १६५ वॅट मिळतात. आपल्या ८५० ग्रॅमच्या विमानाला हे पुरून उरतात. अर्ध्या मिनिटाच्या एका चढाईत सव्वाशे मिलीअँपिअर-अवर खर्च होतात. म्हणजे २२०० ची बॅटरी असेल तर दहा चढाया करूनही शिल्लक राहते. एका चढाईनंतर, वर चढणारी हवा अजिबात मिळाली नाही तरी, बरे ग्लायडर तीन मिनिटे तरंगते. दहा चढाया म्हणजे अर्धा तास. माझे ते पहिले विमान एका बॅटरीत सहा मिनिटे उडायचे. फरक मोटरीचा नव्हता, पंखांचा होता.

दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. प्रॉपेलर मिटणारा हवा, आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रात ब्रेकची सोय चालू केलेली हवी. ब्रेक नसेल तर मोटर बंद केल्यावरही वाऱ्याने पाती फिरत राहतात, मिटत नाहीत आणि विमानाला मागे खेचतात. चांगले ग्लायडर घेऊन ते वाईट उडवायचा हा हमखास उपाय आहे.

लिथियम बॅटरीबद्दल आयांना सांगतो, कारण घरात ती तुमच्या नजरेसमोर असणार. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. त्यासाठी असलेलाच चार्जर वापरा. बॅटरी फुगली की तिचे आयुष्य संपले, मग ती कितीही महाग असो. महिनाभर उडवणार नसाल तर पूर्ण भरून ठेवू नका. दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. आमच्या घरी चार्जिंग बाल्कनीतल्या फरशीवर, लाकडी सामानापासून दूर आणि कोणीतरी जागे असतानाच होते.

आता सुट्या भागांचा प्रश्न. विमान पडणार. माझे पडले, तुमचेही पडेल. म्हणून पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. एक पंख सुटा मिळतो का? शेपटी आणि नाकाचा भाग सुटा मिळतो का? प्रॉपेलरची पाती आज दुकानात आहेत का? तिन्हींना 'हो' असे उत्तर आले तरच ते चांगले किट. परदेशातून थेट मागवण्याचा मोह होतो. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुटे भाग त्यातून वगळले. तेव्हापासून रेडिओवर उडणारी कुठलीही वस्तू सीमाशुल्क खात्याच्या नजरेत येते. खोका अडकून पडला तर मुलाची सुट्टी तिथेच संपते. इथल्या विक्रेत्याकडून, बिल घेऊन घ्या.

इथपर्यंत विमानाबद्दल बोललो. पण जागेचा विचार न करता विमान घेणे म्हणजे विहीर न पाहता पंप घेणे. आणि जुईनगरकरांसाठी हा विचार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.

२०१२ साली आम्ही घराजवळच्या मैदानावर उडवत होतो. आज ते चालणार नाही. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली आहेत. आमच्यापासून सरळ रेषेत तो दहा किलोमीटरही नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाची मॉडेल विमानेही येतात. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंतचा भाग साधारणपणे लाल, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पूर्ण बंद. पाच ते आठ किलोमीटर पिवळा. तिथे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात साठ मीटर, म्हणजे दोनशे फुटांवर जायला तीच परवानगी लागते. आणि या सगळ्यापलीकडच्या हिरव्या भागातही मोकळीक १२० मीटरपर्यंतच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा हवाई क्षेत्राचा नकाशा सर्वांना पाहता येतो. किट घेण्याआधी आपण उडवणार ती जागा त्यावर शोधावी आणि नोंदणीचे नियमही तिथेच वाचावेत. दुकानदाराच्या "काही होत नाही हो" यावर विसंबू नये. तुमच्या एक किलोच्या विमानाला काही होणार नाही, पण समोरून दीडशे माणसे घेऊन कोणी उतरत असते.

शिवाय आमच्या मैदानांना दुसरेही वारसदार आहेत. एका बाजूला रेल्वेची ओव्हरहेड तार, दुसऱ्या बाजूला विजेचे मनोरे, खाली खेळणारी मुले. पश्चिमेला खाडी, तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांच्या थव्यावरून विमान फिरवायचे, हा कसला छंद?

म्हणून आम्ही पहाटेची गाडी पकडतो आणि कर्जतच्या बाजूला, विमानतळापासून दूर, कापणी झालेल्या भातखाचरात जातो. शेताच्या मालकाला आधी विचारतो, आणि परतताना पडलेला प्रत्येक तुकडा उचलून आणतो. आता तुमच्या लक्षात आले असेल, की पंख दोन भागांत सुटणारा का हवा. दोन मीटरचा अखंड पंख इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि लोकलमध्ये तर त्याचे नावच काढू नका. एकेक मीटरचे दोन तुकडे खोक्यात मावतात, खोका पलंगाखाली मावतो, आणि घरच्यांचा छंदाला होणारा अर्धा विरोध तिथेच मावळतो.

वेळ सकाळी आठ ते अकरा. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुरू होतो, तो हलक्या विमानाला हुसकून लावतो. पाऊसकाळात उडवायचे नाही. ते दिवस जोडण्याचे आणि दुरुस्तीचे.

१२० मीटरची मर्यादा ऐकून काही जण खट्टू होतात. एवढ्याशा उंचीत काय उडवणार? मला उलट वाटते. इलेक्ट्रिक ग्लायडरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा एफ५जे नावाचा एक प्रकार आहे. त्यात दहा मिनिटांच्या अवधीत मोटर एकदाच आणि जास्तीत जास्त तीस सेकंद चालवता येते. विमानात उंची मोजणारे छोटे यंत्र असते आणि सुरुवातीला गाठलेल्या उंचीच्या प्रत्येक मीटरला अर्धा गुण कापला जातो. दोनशे मीटरच्या वर तर मीटरमागे तीन गुण. म्हणजे कमी उंचीवर मोटर बंद करून जो हवेचा अंदाज घेतो, तो जिंकतो. जगातले पट्टीचे उडवणारे जे मुद्दाम करतात, ते आपल्याला नियमाने शिकायला मिळते आहे. तेव्हा उंची सांगणारे असे यंत्र, किंवा उंची बोलून दाखवणारा रेडिओ, हा आता चैनीचा भाग राहिला नाही. खरेदीच्या यादीत तो लिहून ठेवा. ग्लायडर म्हणजे संथ खेळणे, असे वाटत असेल तर हेही सांगतो, की २०२१ साली कॅलिफोर्नियातल्या एका डोंगराआड मोटर नसलेल्या मॉडेल ग्लायडरने नुसत्या वाऱ्यावर ताशी ८८२ किलोमीटरचा वेग गाठला.

विमान घरी आले की लगेच उडवायला धावू नका. एक काम राहिलेले असते. बॅटरी बसवून, पुस्तिकेत सांगितलेल्या खुणेवर, पंखाखाली दोन बोटे धरून विमान तोला. ते सपाट राहिले पाहिजे, नाक किंचित खाली झुकले तरी चालेल. या छंदातल्या लोकांत एक बोलणे आहे. नाक जड असेल तर विमान नीट उडत नाही. शेपूट जड असेल तर ते एकदाच उडते. मग गवतावर, मोटर न लावता, हाताने सरळ पुढे सोडून पाहा. वीस-पंचवीस पावले ते शांतपणे सरकत गेले, की समजा, तुमची निवड बरोबर होती. त्याआधी संगणकावरच्या सरावाच्या खेळात चार-पाच तास घालवलेत तर तुमचे एक विमान वाचेल, हे माझे अनुभवाचे बोल.

दुसरे विमान मी २०१४ साली घेतले. दोन मीटरचे, फोमचे, पंखात कार्बनचा कणा असलेले. मुलीला ते दाखवले तेव्हा तिने फार उत्साह दाखवला नाही. "तुम्हीच उडवा," म्हणाली. मी उडवले. मोटर बंद केली आणि रेडिओ तिच्या हातात दिला. ती घाबरली. मी म्हणालो, काही करू नकोस, नुसता धर. ते विमान सरळ जात राहिले. तिने हळूच डावा वळसा घेतला, मग उजवा. चार मिनिटांनी ते आमच्यापासून तीस पावलांवर गवतात उतरले. कुणी काही बोलले नाही. तिने धावत जाऊन विमान उचलले, पंख तपासला आणि म्हणाली, "बाबा, बॅटरी किती उरली आहे?"

आता ती नोकरी करते, मला कधीकधी रविवारी वेळ देते. माझ्यापेक्षा चांगली उडवते. घार कुठे फिरते आहे ते माझ्या आधी तिला दिसते. ती पिशवी, ते पहिल्या विमानाचे तुकडे, तिने अजून टाकलेले नाहीत. नव्याने कोणी "कुठलं घेऊ?" विचारायला घरी आले, की ती पिशवी आणते, मोडलेला पंख उघडून आत दाखवते आणि म्हणते, "आधी हे बघा. यात काय नाही ते सांगा."

तेव्हा श्रोतेहो, कुठले घेऊ या प्रश्नाला माझ्याकडे एका नावाचे उत्तर नाही. नावे बदलतात, कंपन्या येतात नि जातात. ज्याचे वजन आणि पंख यांचा मेळ आहे, ज्याच्या पंखात कणा आहे, जे मोडले तर जोडता येते, जे तुमच्या घरात, तुमच्या गाडीत आणि तुमच्या आकाशाच्या नियमांत बसते, ते घ्या. आणि दुकानात एकच प्रश्न आधी विचारा, मोटर बंद केल्यावर हे कसे उडते?